खुसपटाची अट

खोली दाखवताना घरमालक नळाला पाणी कधी येतं ते सांगतात, मीटर वेगळा आहे की एकत्र ते सांगतात, आणि भाड्यानं राहणाऱ्या मुली असल्या की मित्रमंडळींबद्दल चार शब्द ऐकवतात. कराडला आमच्या घरमालकांनी यातलं काहीच सांगितलं नाही. जिन्याच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तुला भांडता येतं का?"

आई पाटणजवळच्या आमच्या गावाहून मला सोडायला आली होती. इंजिनिअरिंगसाठी पोरगी परक्या गावात राहणार म्हणून ती आधीच निम्मी झाली होती. तिला वाटलं, हे शेजारपाजारच्या कटकटींबद्दल विचारतायत. "छ्या, छ्या. लय गरीब हाय माझी पोर. त्वांडातनं शबूद न्हाई काडत," ती घाईघाईनं म्हणाली.

"मग काय उपेगाची न्हाई," असं म्हणून ते वळलेसुद्धा.

स्वयंपाकघरातून त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली नसती तर मी त्या घरात राहिलेच नसते. "आवं, नीट सांगा की माणसास्नी. घाबारल्यात त्या," असं त्यांना दटावून तिनं आईला बसायला पाट दिला आणि खुलासा केला. मालक ब्लॉग लिहितात. इंटरनेट, मोबाइल, सरकारचे त्याबद्दलचे नियम, असल्या विषयांवर. आणि त्यांची एक अट आहे. वरच्या खोलीत जो राहील त्यानं प्रत्येक पोस्ट आधी वाचायची आणि तिच्यात खुसपट काढायचं. खुसपट निघाल्याशिवाय पोस्ट चढवायची नाही. आईला यातलं एक अक्षर कळलं नाही, पण घरात बाईमाणूस आहे आणि खोली स्वच्छ आहे एवढं तिनं पाहिलं आणि होकार दिला. अशी मी त्या घरात खुसपटं काढायला राहिले.

सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून वरच्या खोलीतल्या आम्ही मुलीही चाचा म्हणू लागलो, आणि त्यांच्या बायकोला चाची. चाचा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीचा बराचसा काळ त्यांनी तक्रारीच्या टेबलावर काढला होता. फोन बंद पडला की लोक शेजाऱ्याच्या फोनवरून ज्या माणसाला शिव्या घालायचे, तो माणूस म्हणजे हे. दुसरा कुणी असता तर त्या टेबलाला कंटाळला असता. चाचांना त्या टेबलाचं प्रेम जडलं होतं. ते म्हणायचे, "तक्रार करनारा मानूस लाइनवर इश्वास ठिवतो, पोरी. त्याला वाटतं, हे दुरुस्त हुईल. ज्यो तक्रार करायचा बंद झाला, त्येनं फोन मनातनं काडून टाकल्याला असतो." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की आज लिहितानाही त्यांचा आवाज कानात येतो.

नोकरी संपली, पण टेबल काही सुटलं नाही. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी एक लोखंडी टेबल, त्यावर काळा, जड, तबकडीचा फोन. त्याची तार कुठंच जोडलेली नव्हती. शेजारी संगणक. ब्लॉगचं नाव 'लाइन चालू आहे'. कुणाच्याही घरात शिरताना चाचा नमस्कार-चमत्कार काही न करता "लाइन चालू हाय का?" असंच विचारायचे. मयताच्या घरीसुद्धा एकदा तोंडातून गेलं होतं. चाची ती आठवण निघाली की अजून कपाळाला हात लावते.

बोलताना अस्सल साताऱ्याकडचे असलेले चाचा लिहायला बसले की एकदम मंत्रालयातले व्हायचे. 'उपरोक्त', 'सबब', 'निदर्शनास येते की' याशिवाय त्यांचा परिच्छेद पुढं सरकायचा नाही. टंकलेखन एका बोटानं. ते बोट कळीवर इतकं जोरात आपटायचं की वर आमच्या खोलीत समजायचं, खाली काहीतरी शिजतंय. मग थोड्या वेळानं जिन्यातून हाक यायची, "आगं ए वरच्या खोली! या खाली."

आम्ही तिघी मुली त्या खोलीत राहायचो. पहिल्याच आठवड्यात एकीनं खुसपटाच्या जागी 'छान' असं लिहून सुटका करून घेतली. चाचा जिना चढून वर आले. धाप लागली होती. "छान म्हंजे काय? छान तर हवा बी असती. मी लिवलंय त्यात चुकलंय कुठं, त्ये सांग." तिला काही सांगता येईना. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "चाचा, तुमचं वाक्य लय लांब आहे, शेवटाला जाईस्तोवर मी सुरुवात विसरले." चाचांचा चेहरा उजळला. "ह्ये बघ! ह्ये खुसपट!" म्हणत ते लहान मुलासारखे दडदड जिना उतरून गेले आणि त्यांनी ते जसंच्या तसं पोस्टच्या खाली छापलं. तिचं पूर्ण नाव, गाव आणि वर्ग घालून.

नावाचा हा त्यांचा दुसरा हट्ट. खुसपट काढा, हवं ते बोला, पण खाली पूर्ण नाव लिहा. टोपणनावानं लिहिणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग होता. टेलिफोनच्या प्रत्येक कॉलला नंबर असतो, मग इंटरनेटवरच्या प्रत्येक शब्दाला माणूस का नको, असा त्यांचा सवाल. यावर त्यांनी किती पोस्ट लिहिल्या याची गणती नाही. सरकारनं एखादा मसुदा काढून 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' असं जाहीर केलं की चाचांच्या अंगात संचारायचं. मराठी भाषेत इतके सुंदर शब्द दुसरे नाहीत असं त्यांचं मत होतं. ते ईमेलनं हरकत पाठवायचे, वर स्पीड पोस्टानंही पाठवायचे आणि प्रत्येक हरकतीच्या शेवटी सूचना एकच: बिननावाच्या माणसाला इंटरनेटवर बोलू देऊ नये. दिल्लीहून एकदा 'आपले पत्र मिळाले' एवढंच छापील उत्तर आलं, ते त्यांनी काचेत बसवून घेतलं. हज करून आलेल्या भावाच्या फोटोशेजारी ते टांगलेलं होतं.

नावाच्या या हट्टावर मी त्यांच्याशी भांडायची. "चाचा, तुमचं ठीक आहे. मुलीनं नाव घालून काही लिहिलं की कोण कुठनं कसले मेसेज करील याचा नेम नसतो." ते मान हलवायचे. "भ्या वाटत आसंल तर लिवू नगो. पर लिवायचं तर नाव लिवायचं." माझं खुसपट ते पोस्टखाली छापायचे, माझ्या पूर्ण नावानिशी. म्हणजे नाव नको, हे मी म्हटलेलंही माझं नाव घालून जगाला कळायचं.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं कुणी समजू नये. चाचा भरपूर चुकायचे आणि ठासून चुकायचे. हात लावून पोत बघितल्याशिवाय कराडची बाई साडी घेणार नाही, सबब ऑनलाइन दुकानदारी घाटाच्या खाली उतरणार नाही, असं भाकीत त्यांनी मोठ्या थाटात केलं. पोस्ट चढवली त्याच दुपारी पार्सलवाला दारात आला आणि त्यानं चाचीचं नाव पुकारलं. साडी अंजिरी होती आणि चाचीला फार शोभली. त्या पोस्टखाली चाचीचं खुसपट आहे: 'मी घेतली.' आणि खाली तिचं पूर्ण नाव. आपलं नाव इंटरनेटवर आलं म्हणून ती आठवडाभर मोहल्ल्यात सांगत होती.

कुठलंही ॲप घेताना ज्या अटी आपण न वाचता 'मान्य' करून टाकतो, त्या चाचा पहिल्या अक्षरापासून वाचायचे, तेही मोठ्यानं. मोबाइलच्या दुकानात त्यांच्या मागं रांग लागायची. एका दुकानदारानं तर चाचा कोपऱ्यावर दिसले की शटर अर्धं खाली ओढायचा नेमच ठेवला होता. घरी आणलेला स्मार्ट टीव्ही त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केला, कारण अटींमध्ये कुठंतरी आपला आवाज ऐकण्याची परवानगी मागितली होती. "पैसं मी दिलं आन् ऐकनार त्यो?" असं म्हणत ते खोकं स्वतः रिक्षात घालून घेऊन गेले. चाचीची मालिका बुडाली. तिनं तीन दिवस आमटीत मीठ घातलं नाही.

सांगलीच्या एका वाचनालयानं त्यांना पासवर्ड या विषयावर व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा आम्ही तिघीही एसटीनं बरोबर गेलो होतो. समोर हळदीचे व्यापारी, निवृत्त शिक्षक, दोन-चार पेन्शनर. चाचा रंगात आले होते. पासवर्ड सख्ख्या भावाला सांगू नका, बायकोला सांगू नका, असं ते टेबलावर मूठ आपटून सांगत असतानाच त्यांचा मोबाइल वाजला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावायचे. पलीकडून चाची म्हणाली, "आवं, वीजबिल भरायचंय. पासवर्ड काय हाय?" आणि चाचांनी भर सभेत एकेक अक्षर फोडून तो सांगितला. सभागृहात हशा पिकला. मागच्या रांगेतले एक व्यापारी उठून म्हणाले, "चाचा, लिहून घेतला हो आम्ही." चाचांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "ह्ये आजचं सगळ्यात चांगलं खुसपट. तुमचं नाव सांगा, छापतो." खरोखरच त्यांनी ते छापलं, व्याख्यानाच्या मजकुराच्याही वर. स्वतःची फजिती इतक्या निगुतीनं जपून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

मी शेवटच्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजनं हजेरीचं ॲप सक्तीचं केलं. मुलांची हजेरी वर्गापुरती. मुलींचं मात्र, 'सुरक्षिततेसाठी', दिवसभर त्या कुठं आहेत हेही ॲपमध्ये दिसायचं. कॉलेजच्या वेळात आवाराबाहेर पाऊल पडलं की घरी मेसेज. चाचांना हे फारच पसंत पडलं. 'सदर उपक्रम स्तुत्य असून' अशी सुरुवात करून त्यांनी एक दणदणीत पोस्ट लिहिली आणि जिन्यातून हाक मारली.

मी खाली गेले, वाचलं, आणि माझं डोकं फिरलं. मी तिथंच उभ्याउभ्या खुसपट लिहिलं. मुलं रात्री कुठंही उंडारली तर चालतं आणि मी चहाला गेले की गावाकडं घंटा वाजते, हे कसलं रक्षण? मी आत्ता कुठं आहे हे ऑफिसातला कुठलाही माणूस संगणकावर बघू शकतो, तो कोण, हे मला कुणी सांगितलंय का? ही माहिती कुठल्या ठेकेदाराकडं साठते आणि किती दिवस? चाचा, तुम्ही टीव्हीच्या अटी वाचता, मग माझ्या ॲपच्या अटी का वाचल्या नाहीत? चाचांनी ते दोनदा वाचलं. "लय भारी," एवढंच म्हणाले, आणि छापलं. माझं पूर्ण नाव, गाव, कॉलेज, वर्ग.

एरवी चाचांचा ब्लॉग वाचणारे बोटावर मोजण्याइतके. पण त्या खुसपटाचा फोटो कुणीतरी काढला आणि तो मुलींच्या ग्रुपवर गेला, तिथून मुलांच्या, तिथून गावात. दोन दिवसांत मला कार्यालयात बोलावणं आलं. संस्थेची बदनामी केली म्हणून लेखी माफी द्यायची आणि ॲपबद्दल लिहिलेलं सगळं खोटं आहे असं जाहीर करायचं, नाहीतर परीक्षेचा फॉर्म पुढं जाणार नाही. मी म्हटलं, यात खोटं काय आहे ते दाखवा. त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी माझ्या काकाला फोन लावला.

वडील फौजेत, तेव्हा ते पार अरुणाचलला. घरचा कारभार काकाकडं. काकाही फौजेतूनच निवृत्त होऊन ऊस बघत होता. मुलीला इतकं शिकवून काय करायचंय, असं भावकीतले त्याला येताजाता ऐकवायचे आणि तो सगळ्यांच्या विरोधात जाऊन मला शिकवत होता. फोनवर तो मला एकच वाक्य बोलला, "उद्या येतो, सामान भरून ठेव."

त्या संध्याकाळी मी चाचांच्या टेबलासमोर उभी राहून वाट्टेल ते बोलले. तुमच्या नावाच्या हट्टापायी माझं शिक्षण चाललंय. तुम्हाला पेन्शन आहे, स्वतःचं घर आहे, तुमचं नाव लिहून तुमचं काय जाणार? मला उद्या घरी नेतील, आणि एकदा नेलं की परत कोण पाठवतंय? चाचा त्या मुक्या फोनच्या तबकडीत बोट घालून ती फिरवत बसले होते. चाचीनं मला आत नेलं आणि जेवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी काका मोटरसायकलवर आला. चपला दारातच काढून उभा राहिला, आत बसेना. "चाचा, मी भांडायला न्हाई आलो. पोरीला न्यायला आलोय."

"न्या की. तुमची पोर हाय," चाचा म्हणाले. "पर आदी च्या घ्या. आन् तिनं काय लिवलंय त्ये ऐका. तुमी वाचलंय का?"

काकानं वाचलं नव्हतं. त्याला फक्त फोन आला होता. चाचांनी आधी स्वतःची पोस्ट वाचली, मग माझं खुसपट. टीव्हीच्या अटी वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून. काका बशीतला चहा तसाच धरून ऐकत होता. वाचणं मध्यावर आलं आणि काकाच्या खिशातला फोन वाजला. त्यानं काढून बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फोनकडं बघितलं. मेसेज आला होता: आपला पाल्य आवाराबाहेर आहे.

"हितं तर बसलीय म्होरं," काका म्हणाला. मग त्यानं बशी खाली ठेवली. "चाचा, म्या कुणाला बोललो न्हाई. पर गेल्या म्हैन्यात ह्येच्यावर नकाशा आला. नकाशात पोरगी नदीत."

"नदीत?"

"संगमाच्या मदोमद. निळ्या पान्यात लाल टिपका. हलंना. फोन लावला तर उचलंना. उसाला पानी द्यायला दारं धरत हुतो, तसाच पाय न धुता गाडी काडली. पाटणपस्नं हितवर कसा आलो, माझं मला ठावं."

मला तो दिवस आठवला. काका असाच अचानक मेसच्या दारात उभा होता. पायाला चिखल, चेहरा पांढराफटक. मी जेवत होते, फोन खोलीवर चार्जिंगला लावलेला. "हिकडं खतासाटनं आलतो," एवढं म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आल्या पावली गेला होता. खताचं पोतं काही गाडीवर नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही. आपली पुतणी बुडाली असं समजून तो तेवढा रस्ता कापत आला होता, आणि मला घाबरवायचं नाही म्हणून खताचं निमित्त सांगून गेला होता. मी चाचांच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

चाचांनी चष्मा काढून पुसला. "ह्ये खुसपट तर माझ्या सपनात बी आलं नसतं," ते म्हणाले. "चला, आपुन तिगं बी जाऊ."

प्राचार्यांच्या खोलीत पुढच्या खुर्चीवर काका बसला आणि चाचा त्याच्या शेजारी. चाचांच्या अंगावर ठेवणीतली शेरवानी होती, जी ते एरवी ईदलाच घालायचे. माफीचा कागद टाइप करून तयार होता. प्राचार्यांनी तो माझ्यापुढं सरकवला. चाचांनी तो मध्येच उचलला आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. प्राचार्य थांबा म्हणाले तरी ते थांबले नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाले, "साहेब, माफी घ्यायची तर माझी घ्या. तुमचं ॲप चांगलं हाय असं लिवनारा मी. ह्या पोरीला खुसपट काडायला लावनारा मी. खोलीची अटच हाय तशी. आन् तिचं नाव छापनारा बी मीच. तिनं हज्जारदा सांगितलं हुतं, नाव नगो. तिचं खरं निगालं, माझं खोटं."

प्राचार्य म्हणाले, हा संस्थेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. तेव्हा काका बोलला. आवाज न चढवता, फौजेत साहेबापुढं बोलतात तसा. "साहेब, तुमच्या मोबाइलनं माझी पुतणी नदीत बुडवली. त्येची माफी मी मागितली न्हाई तुमच्याकडं. आता तिनं ह्या कागदावर सही केली, तर म्या बघितलेलं बी खोटं ठरंल. बाकीच्या पोरींच्या घरी बी असंच टिपकं जात असत्याल. बोलावू का समद्यास्नी?"

सिनेमात होतं तसं काही घडलं नाही. कुणी दिलगिरी व्यक्त केली नाही की चूक कबूल केली नाही. माफीचा कागद फायलीत परत गेला, माझा फॉर्म दोन दिवसांनी पुढं गेला, आणि पुढच्या सत्रात ते ॲप ऐच्छिक झालं, म्हणजे मुकाट्यानं मेलं. काका त्या दुपारी एकटाच गावी परतला. जाताना मला म्हणाला, "सामान सोड. आन् फोन जवळ ठिवत जा, गाढवे."

चाचांनी मात्र ते प्रकरण तिथं संपवलं नाही. त्यांनी एक पोस्ट लिहिली आणि हाक न मारता स्वतःच तिच्यात खुसपट काढलं. अनेक वर्षं आपण सांगत आलो की नाव न लिहिणारा भित्रा असतो. सदर मत चुकीचे असल्याचे निदर्शनास आले आहे. पुढचं वाक्य त्या सगळ्या सरकारी मराठीत एकटंच उभं होतं: 'नाव लिहिणं मला परवडतं, तिला परवडत नाही, एवढाच काय तो आमच्या धाडसातला फरक.' मग त्यांनी ब्लॉगवरची सगळी जुनी खुसपटं एकेक करून उघडली आणि एका बोटानं नावं पुसत गेले. प्रत्येक नावाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'वरची खोली'. कित्येक दिवस खालून ते बोट आपटल्याचा आवाज येत होता. दिल्लीला त्यांनी नवी हरकतही पाठवली: आपल्या आधीच्या सर्व सूचना मागे घेत आहोत. नाव एकाच खुसपटाचं राहिलं. चाची म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. मी कुनाला भीत न्हाई."

आज मी सांगलीत एका कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेली ॲप वापरून त्यात कुठं चुकतंय ते शोधायचं, हे माझं काम. थोडक्यात, खुसपट काढायचा मला पगार मिळतो. कुठल्याही ॲपमध्ये माणसाचा ठावठिकाणा मागितलेला दिसला की मी विचारते, हा कशाला हवा, कुणाला दिसणार, किती दिवस ठेवणार. सहकारी वैतागतात. हे प्रश्न मी कुठं शिकले हे त्यांना सांगत बसत नाही. कॉलेजात शिकले नाही, एवढं नक्की.

मागच्या महिन्यात चाचांचा फोन आला. "लाइन चालू हाय का?" आवाज थकलेला होता. डोळ्यांनी आता त्यांना फारसं दिसत नाही, चाची वाचून दाखवते. हल्ली लोक व्हिडिओ बघतात, वाचतं कोण, असं काहीबाही बोलले. मग म्हणाले, "शेवटची पोस्ट लिवलीय. चाचीनं पाठिवलीय तुला. वरच्या खोलीत आता कोन न्हाई, तवा खुसपट तूच काड. त्ये आल्यावर चढिवतो आन् दुकान बंद करतो."

पोस्ट तीन वाक्यांची होती. 'गेली अनेक वर्षे हा ब्लॉग चालविला. या लेखनामुळे एकाही माणसाचे भले झाल्याचा पुरावा निदर्शनास आलेला नाही. सबब ही लाइन बंद करण्यात येत आहे.'

मी ती पोस्ट पुन्हा वाचली. त्यांचं इतकं चुकलेलं वाक्य मी पूर्वी वाचलं नव्हतं. मग लिहायला घेतलं. पाटणकडच्या एका मुलीला तुम्ही भांडता येतं का असं विचारलंत, तोवर तिला ते कुणी विचारलंच नव्हतं, हे लिहिलं. काकाची बशी लिहिली, निळ्या पाण्यातला लाल टिपका लिहिला, ईदची शेरवानी लिहिली. माझी पदवी, माझी नोकरी, माझं स्वतःच्या पायावर उभं असणं हा सगळा पुरावा आहे आणि तो तुम्ही तपासलेला नाही, असं लिहिलं. आणि खाली 'वरची खोली' न लिहिता माझं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि हुद्दाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. या वेळी लाइन चालू हाय का असं विचारलं नाही. "नाव कशाला लिवलंस?" ते म्हणाले. "चाचीला सांगून पुसाय लावू का?"

"नका पुसू, चाचा. आता मला परवडतं."

पलीकडं त्यांनी घसा खाकरला आणि त्यांच्या जुन्या टेबलावरच्या आवाजात म्हणाले, "तक्रार नोंदवून घेतली हाय. तपासून बगतो." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी ब्लॉग उघडला. ती शेवटची पोस्ट तिथं नव्हती. माझं खुसपट तेवढं होतं, सगळ्यात वर, माझ्या पूर्ण नावानिशी. खाली चाचांनी एका बोटानं एकच ओळ लिहिली होती: 'दोष दूर झाला. लाइन चालू आहे.'